कार्डिनल तेलेस्फोर टोप्पो : आश्रमशाळेच्या भिंतीवर हा फोटो लावावा का?

बांधीतले_गुरुजी

नमस्कार मंडळी. रोवणी चालू आहे, निम्मा वर्ग आईबापासोबत बांधीत उतरलाय, म्हणून आज दुपारी लिहायला सवड मिळाली.

मी गडचिरोली जिल्ह्यात कोरचीकडच्या एका आश्रमशाळेत शिकवतो. ९ ऑगस्टच्या विश्व आदिवासी दिनाला आम्ही व्हरांड्याच्या भिंतीवर फोटो लावतो. बिरसा मुंडा, राणी दुर्गावती, आपले बाबूराव शेडमाके, जयपालसिंग मुंडा. प्रत्येक फोटोखाली आठवीची पोरं स्वतःच्या अक्षरात माहिती लिहितात.

गेल्या आठवड्यात एका पोराला ताप भरला म्हणून मोटारसायकलवर बसवून मिशनच्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासून होईपर्यंत बाकावर बसलो होतो. समोर भिंतीवर एक फोटो. सावळा, रुंद नाकाचा, हसऱ्या चेहऱ्याचा म्हातारा, डोक्यावर लाल टोपी, कमरेला लाल पट्टा. पोरगं तापानं फणफणलेलं, मान माझ्या खांद्यावर टाकलेली, तरी विचारतं, "सर, हा माणूस आमच्या बुढ्यासारखा दिसते. कोण होय?" मला सांगता आलं नाही. सिस्टर आतून म्हणाल्या, "हमारे कार्डिनल हैं. हमारे गुमला के."

घरी येऊन वाचत बसलो. तेलेस्फोर टोप्पो. जन्म १५ ऑक्टोबर १९३९, झारखंडच्या गुमला जिल्ह्यात चैनपूरजवळ झाडगाव. (नाव बघा, आपल्या झाडीपट्टीतलंच वाटतं.) उरांव आदिवासी शेतकऱ्याचं घर, दहा भावंडांत आठवा नंबर. चैनपूरला शाळा, रांचीला सेंट झेवियर्स कॉलेज, इतिहासात एम.ए., मग रोमला धर्मशास्त्र. १९६९ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझलला धर्मगुरूची दीक्षा झाली. आणि रोममध्ये शिकून आलेला हा माणूस परत येऊन काय करतो, तर तोरपा नावाच्या खेड्यात शाळामास्तर होतो! तिथून ३८ व्या वर्षी दुमक्याचे बिशप, १९८५ मध्ये रांचीचे आर्चबिशप आणि २१ ऑक्टोबर २००३ ला कार्डिनल. भारतातले पहिले आदिवासी कार्डिनल.

माझे दोन प्रश्न. एक, कार्डिनल म्हणजे नेमकं काय आणि तिथवर माणूस पोचतो कसा? पोरांना पोरांच्या भाषेत सांगता आलं पाहिजे. दुसरा प्रश्न मोठा आहे. शेडमाक्यांच्या शेजारी हा फोटो लावावा का? स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत. माझं मत लावावा असं आहे, पण तुमचं ऐकायचंय.

निर्मळचा_वाटसरू

गुरुजी, मी वसईचा, जन्मापासून कॅथलिक. पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून घ्या.

याला परीक्षा नाही, अर्ज नाही, सेवाज्येष्ठतेची यादीही नाही. पोप स्वतः नावं जाहीर करतात. फादर, बिशप, आर्चबिशप ही कामाची उतरंड झाली. कार्डिनल ही तिच्यावरची आणखी एक पायरी नव्हे. तो पोपचा सल्लागार होतो, पण आपला धर्मप्रांत सोडत नाही. टोप्पो कार्डिनल झाल्यावरही पुढली पंधरा वर्षं रांचीचेच आर्चबिशप होते, २०१८ साली निवृत्त झाले.

एक गंमत पोरांना आवडेल. फार पूर्वी पोपची निवड रोम शहरातले पाद्रीच करत. ती रीत आजही पाळली जाते, म्हणून जगातल्या जवळजवळ प्रत्येक कार्डिनलला रोममधलं एकेक चर्च नावापुरतं नेमून देतात. कागदावर तो रोमचा पाद्री ठरतो. टोप्पोंना वितिनिया या भागातलं चर्च मिळालं होतं. म्हणजे झाडगावच्या पोराच्या नावानं रोममध्ये एक देऊळ!

लाल रंग रक्ताचा. श्रद्धेसाठी वेळ आली तर रक्त सांडीन, असा त्याचा अर्थ. आणि ८० वर्षांखालचे कार्डिनल पोप निवडताना मत देतात. टोप्पोंनी २००५ आणि २०१३ अशी दोनदा मतं दिली. दोन्ही वेळा ११५ जण मत द्यायला बसले होते.

वऱ्हाडी_भौ

मत देऊन होयेपर्यंत कोंडून ठेवतात म्हंतात, ते खरं हाये का?

निर्मळचा_वाटसरू

अगदी खरं. पोपच्या निवडीच्या बैठकीला 'कॉन्क्लेव्ह' म्हणतात, तो शब्दच मुळी 'किल्लीबंद' या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आलाय. इटलीत व्हितेर्बो गावी १२६८ पासून १२७१ पर्यंत पोपची निवड रखडली, तेव्हा गावकरी चिडले आणि त्यांनी कार्डिनलांना वाड्यात कोंडलं. जेवण कमी केलं, वरचं छप्परही काढलं असं सांगतात. तेव्हापासून कोंडून बसवायचा नियम झाला. दोन तृतीयांश मतं पडेपर्यंत सुटका नाही.

वऱ्हाडी_भौ

जमलं! आमच्या अकोट तालुक्यात उलटं हाये. सरपंचाच्या निवडीआधी मेंबरायले गाडीत घालून देवदर्शनाले नेतात अन् मतदानाच्या सकाळी गावात आणून सोडतात. छप्पर काढाची आयडिया आमच्या ग्रामसेवकाले सांगतो.

पण गुरुजी, फोटो लावाच. पोराले बुढ्यासारखा माणूस भेटला, अजून काय पाह्यजे.

वाटेवरची_मोहफुलं

थोडं अवांतर, पण इथे सांगावंसं वाटलं. आपल्या विदर्भात 'कान्व्हेंट' हा शब्द बघा कसा झालाय. माझ्या गावात किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत नर्सरीचा वर्ग आहे, त्यालाही सगळे कान्व्हेंटच म्हणतात. माझी सासू विचारते, "नातू कान्व्हेंटातून आला का?" मूळ शब्द मठाचा, सिस्टर लोकांच्या राहण्याच्या जागेचा. कुठल्या तरी मिशनच्या शाळेनं आपल्या बोलीत एवढं घर केलं, आणि ती माणसं कोण, कुठली, हे मात्र आपण कधी विचारलं नाही. या धाग्यामुळे पहिल्यांदा विचार करतेय.

कोयतूर_७५०

गुरुजी, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. माझा विरोध आहे.

माणूस मोठा असेल, नाकारत नाही. पण ती भिंत कशासाठी आहे? बाबूराव शेडमाके इंग्रजांशी लढले आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फासावर गेले. आमच्या पोरांना आधीच स्वतःचं काही माहीत नसतं. पेन म्हणजे आपले कुळदेव विचारा, सांगता येत नाही. आपण चारदेवे की सहादेवे, म्हणजे आपल्या कुळाचे देव किती, हे लग्नाच्या वेळी कळतं. अशा पोरापुढे तुम्ही असा माणूस ठेवताय, ज्याचं मोठेपण रोमनं ठरवलं. पोरगं यातून काय शिकेल? मोठं व्हायचं तर देव बदलावा लागतो, हेच ना?

झारखंडमध्येही हा वाद जुना आहे. धर्म बदललेल्या आदिवासींना अनुसूचित जमातीच्या सवलती नकोत, ही मागणी कार्तिक उरांव यांनी लोकसभेत लावून धरली होती. तेही उरांव, तेही गुमल्याचेच. आणि २०१३ साली रांचीजवळ सिंगपूरला मरियमची मूर्ती लाल काठाच्या पांढऱ्या साडीत, बाळ अंगाशी बांधलेली अशी बसवली, तेव्हा सरना, म्हणजे मूळ आदिवासी धर्म पाळणारे, लोक रस्त्यावर उतरले होते. कारण ती साडी त्यांच्या आईची आहे. त्या मूर्तीचं उद्घाटन याच कार्डिनलांनी केलं होतं. हेही पोरांना सांगणार का?

सिरोंच्याचा_पूल

वाद करायचा नाही, एक माहिती देतो. आमच्याकडे सिरोंच्याला अर्धं बोलणं तेलुगूत असतं, म्हणून ही बातमी तेव्हा आमच्यापर्यंत लवकर आली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले. जुन्या कर्नूल जिल्ह्यातल्या पोलुरूचे, दलित घरातले. गरिबीमुळे सातवीनंतर शाळा सुटली होती, मिशनरींनी परत शाळेत घातलं. पहिले दलित कार्डिनल. २०२५ मध्ये पोप लिओ निवडले गेले तेव्हा त्यांनीही मत दिलं.

आता कायदा बघा. १९५० च्या आदेशाप्रमाणे दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीतून बाहेर पडतो. शिखांना १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली त्यात घेतलं, ख्रिस्ती बाहेरच राहिले. आदिवासींना मात्र धर्माची अट नाही. म्हणजे टोप्पो कार्डिनल होऊनही अनुसूचित जमातीचे राहिले आणि पूलांच्या लोकांना सवलत नाही. कोयतूरभाऊ म्हणतात ती मागणी मान्य झाली तर आदिवासींचीही तीच गत होईल. नागपूरच्या दीक्षाभूमीचा इतिहास माहीत असलेल्या आपल्या विदर्भातल्या माणसानं यावर विचार केला पाहिजे. देव बदलला म्हणून माणसाची गरिबी बदलते का?

अजनी_क्वार्टर_नं_१४

मला इथे लिहायलाच हवं. मी उरांव आहे. वडील रेल्वेत, माझा जन्म नागपूरचा, शिक्षण मराठीतून. घरी कुड़ुख, ही आमची उरांवांची भाषा, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी.

कोयतूरदादा, तुमचा राग मला परका नाही. माझे मोठे काका सरना आहेत, धाकटे ख्रिस्ती. सरहुलच्या सणाला आम्ही सगळे गावी जातो आणि एकाच अंगणात जेवतो. त्या मूर्तीवरून आमच्या घरातही भांडण झालं होतं, माझी आई दोन दिवस काकांशी बोलली नव्हती. गुरुजी, पोरांना हे जरूर सांगा. लपवून ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

पण "मोठेपण रोमनं ठरवलं" एवढ्यावर मी थांबू शकत नाही. आमच्याकडे लोक ख्रिस्ती का झाले, ते तोरपा गावातच कळतं. १८८५ साली कॉन्स्टंट लिव्हन्स नावाचा बेल्जियमचा तरुण पाद्री तिथे आला. त्याला दिसलं की मुंडा आणि उरांव शेतकऱ्यांकडून जमीनदार वेठबिगार करून घेतात, खंड घेतात पण पावती देत नाहीत, आणि मग कोर्टात खटला घालून जमीन काढून घेतात. लिव्हन्स जमिनीचा कायदा शिकला आणि लोकांच्या बाजूनं कोर्टकचेऱ्या करू लागला. लोकांनी पहिल्यांदा खटले जिंकले. झुंडीनं लोक त्याच्याकडे गेले ते त्यामुळे. क्षयानं खंगून तो १८९३ साली गेला, वय अवघं ३७. आमच्याकडे आजही म्हाताऱ्या त्याचं नाव घरातल्या माणसासारखं घेतात. छोटानागपूरचा कुळकायदा नंतर १९०८ साली आला, त्यामागे बिरसाचं उलगुलान, म्हणजे बंडही आहे आणि या कोर्टकज्ज्यांची ही लांबलचक लढाईही आहे.

टोप्पो रोमहून आल्यावर मास्तर झाले ते याच तोरप्यात. १९७६ मध्ये तिथेच त्यांनी पोरांना हातचं काम शिकवणारं केंद्र काढलं, त्याला नाव दिलं लिव्हन्सचं. माझ्या वडिलांचे एक मित्र तिथे सुतारकाम शिकले. आमच्या क्वार्टरमधलं कपाट त्यांनी केलंय. चाळीस वर्षं झाली, दार अजून कुरकुरत नाही.

आणि एक गोष्ट. 'टोप्पो' हे पक्ष्याचं नाव आहे, सुतार पक्ष्याचं. आमची आडनावं म्हणजे आमची कुळं. तिर्की म्हणजे उंदीर, एक्का म्हणजे कासव, मिंज म्हणजे मासा. आपल्या कुळाचा जीव आम्ही मारत नाही. ते कार्डिनल झाले, जगभर फिरले, पण नाव सुतार पक्ष्याचंच राहिलं. रोमच्या कागदावरही तेच लागलं.

वाटेवरची_मोहफुलं

अजनीताई, ते कपाट मला डोळ्यांपुढे दिसलं.

अजनी_क्वार्टर_नं_१४

दादा आहे मी, ताई नाही! पण चालेल.

हिंदीचे_निवृत्त_सर

मी वर्ध्याला हिंदी शिकवत होतो. सेंट झेवियर्स, रांची असा उल्लेख आल्यावर राहवलं नाही. त्या कॉलेजात हिंदी विभागाचे प्रमुख होते फादर कामिल बुल्के. तेही बेल्जियमचेच. १९३५ साली भारतात आले, हिंदी शिकले, रामकथेवर अलाहाबाद विद्यापीठात प्रबंध लिहिला, तोही हिंदीतच. त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश आम्ही सगळ्यांनी वापरला. १९७४ ला पद्मभूषण मिळालं. टोप्पो शिकले त्या काळात बुल्के तिथेच होते.

कोयतूरजींचा मुद्दा मी बाजूला सारत नाही. पण देव बदलण्याच्या चर्चेत हेही नोंदवावं की ज्या आवारात हा उरांव मुलगा शिकला, तिथे एक ख्रिस्ती पाद्री आयुष्यभर तुलसीदासांचा अभ्यास करत होता. आमच्या काळी कोश विकत घ्यायला पैसे नसत. ग्रंथालयातली प्रत शिवून शिवून जाडजूड झाली होती, शेवटी तिला सुतळीनं बांधून ठेवायचे.

निर्मळचा_वाटसरू

कार्डिनलांचा विषय आहेच तर आपल्या मराठी कार्डिनलांचीही आठवण असू द्या. पहिले भारतीय कार्डिनल मुंबईचे व्हॅलेरियन ग्रेशस, १९५३ चे. त्यांचा जन्म कराचीचा. पण १९८८ साली कार्डिनल झालेले सायमन पिमेंटा मरोळचे. घरची भाषा मराठी, ईस्ट इंडियन. साधा माणूस होता. माझ्या वडिलांच्या पिढीत ते गावात आले की लोक त्यांच्याशी आपल्या बोलीत बोलायचे आणि ते त्याच बोलीत उत्तर द्यायचे. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ पासूनचा, १९५३ पासून महाधर्मप्रांत, पण विदर्भाच्या वाट्याला अजून कार्डिनल आलेला नाही.

चिमूरची_पोरगी

एक प्रश्न. त्या सिस्टर गुमल्याहून इतक्या दूर गडचिरोलीत येऊन गोंडी लोकांशी बोलतात कशा? हिंदीतून?

तेंदूपान

ताई, हे मी सांगतो. मी त्याच भागात आरोग्यसेवक होतो, आता निवृत्त. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही चाट पडलो होतो.

एक आजी नातवाला घेऊन आली. पोराचा गाल सुजलेला. आजीला मराठी येत नव्हती, हिंदी तर नाहीच. सिस्टर नव्या, दोन महिने झाले असतील. त्यांनी पोराचं तोंड उघडलं, दाढेवर बोट ठेवलं आणि सहज स्वतःच्या भाषेत म्हणाल्या, "पल्ल?" आजी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "पल! पल!" गोंडीत दाताला पल म्हणतात. सिस्टरांनी डोळ्याला हात लावला, म्हणाल्या, "खन्न." आजी म्हणाली, "कन." दोघी हसायला लागल्या. पोरगं रडतंय, आणि या दोघी एकमेकींचे शब्द तपासताहेत.

तेव्हा मला कुणी सांगितलं की कुड़ुख आणि गोंडी दोन्ही द्राविडी कुळातल्या, दूरच्या बहिणी. सगळे शब्द जुळत नाहीत, दात-डोळे असे काही जुने शब्द जुळतात. सिस्टर वर्षभरात गोंडी बोलायला लागल्या. आमच्यातल्या कित्येकांनी तिथे वीस वर्षं नोकरी करून चार वाक्यं शिकली नाहीत, मीही त्यातला. आजही त्याचं वाईट वाटतं. बाळंतपणाला रात्री गेलो आणि बाई काय सांगतेय ते कळलं नाही, असं दोनदा झालंय.

कोयतूर_७५०

तेंदूपानकाका, दाताचा किस्सा वाचून माझ्या आजीची आठवण आली. तीही असंच करायची, तेलंगणातून मिरची तोडून परत आली की तेलुगू शब्दांशी आपले शब्द जुळवत बसायची.

अजनीवाले दादा, लिव्हन्सबद्दल मला एवढं माहीत नव्हतं. जमिनीसाठी जो लढला त्याला मी परका म्हणणार नाही. तुमच्या काकांच्या आणि आईच्या भांडणाबद्दल तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत, त्याचाही मान आहे.

तरी माझा मूळ मुद्दा कायम आहे. काळजी भाषेची आणि पेनची आहे. मी स्वतः आश्रमशाळेत शिकलो. (शाळा कुठली ते सांगत नाही.) तिथे गोंडी बोललं की गळ्यात पाटी अडकवायचे. संध्याकाळपर्यंत ती पाटी ज्याच्या गळ्यात राहील त्याला जेवणाआधी अंगण झाडावं लागे. पाटी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची तर दुसरा गोंडी बोलताना पकडायचा. आम्ही भावंडं एकमेकांना पकडायचो. माझा धाकटा भाऊ तेव्हापासून गोंडी बोलतच नाही, आजही. आईशीसुद्धा मराठीत बोलतो, आणि आईला अर्धं कळत नाही. हे कुठल्या मिशनच्या शाळेत घडलं नाही, आपल्याच शाळेत घडलं. म्हणून मी कुणा एकाला दोष देत नाही. पण भिंतीवर कोणाचा फोटो लावता यापेक्षा भिंतीखाली पोरं कुठल्या भाषेत लिहितात, हा माझ्यासाठी खरा प्रश्न आहे.

धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःची गोंडी शाळा काढली, त्याच तालुक्यात लेखा-मेंढ्यानं जंगलावर हक्क मिळवला. ती माणसं भिंतीवर का नाहीत?

वऱ्हाडी_भौ

कोयतूरभाऊ, पाटीचं वाचून जेवन गेलं नाही. आमच्या वर्गात वऱ्हाडी बोललं की मास्तर "शुद्ध बोल" म्हणून कान पिळे. पन तुमचं दुःख त्याच्यापेक्षा लई मोठं हाये.

अजनी_क्वार्टर_नं_१४

दादा, ती पाटी आमच्याकडेही होती. वडिलांनी सांगितलं आहे.

कुड़ुखसाठी तोलोंग सिकी नावाची लिपी नारायण उरांव या डॉक्टरांनी तयार केली, झारखंड सरकारनं तिला मान्यता दिली. गोंडीसाठी मसराम लिपी १९१८ पासून आहे. लिपी असूनही पोरं शाळेत लिहीत नाहीत, दोन्हीकडे तीच अडचण आहे.

टोप्पोंच्या मृत्यूनंतर रांचीत लोक आले तेव्हा माझी आत्या तिथे होती. ४ ऑक्टोबर २०२३ ला ते मांडरच्या दवाखान्यात गेले, तोही लिव्हन्सच्याच नावाचा. आत्या सांगते, रांगेत तिच्या पुढे एक म्हातारा पायात चपला नसताना उभा होता. हातात सालच्या पानाचा द्रोण, त्यात फुलं. मागून आलेल्या कुणीतरी विचारलं, "बाबा, आप ईसाई हैं?" तो म्हणाला, "नहीं. वो हमारे बगल के गाँव का था." आणि पुढे सरकला.

चिमूरची_पोरगी

गुरुजी कुठे गेले? धागा काढून गायब! ९ ऑगस्ट उद्यावर आला.

बांधीतले_गुरुजी

आहे, आहे. लाइट नव्हती चार दिवस, आणि आमच्याकडे नेटवर्क मिळवायला टेकडीवर जावं लागतं. सगळं एका दमात वाचलं. शेवटी जे केलं ते लिहितो.

कोयतूरभाऊ, तुमची पाटीची गोष्ट मी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवली. आमचे एक सर, जे फोटोच्या विरोधात होते, उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा म्हणाले, "माझ्याही गळ्यात होती." मग वाद पुढे सरकला नाही, काम सुरू झालं.

फोटो लावला. शेडमाक्यांच्या शेजारी नाही, दोन फोटो सोडून. २१ ऑक्टोबर ही तारीख दोघांच्या आयुष्यात आहे हे पोरांच्याच लक्षात आलं. एकाच्या फाशीची, एकाच्या लाल टोपीची. पोरांनी दोन्ही फोटोंखाली ती तारीख मोठ्या आकड्यात लिहिली, मी काही सुचवलं नव्हतं. सिंगपूरच्या मूर्तीचा वादही लिहिला. दोन ओळींत, पण लिहिला. मोहगाव आणि लेखा-मेंढ्याचे फोटो मिळाले नाहीत, म्हणून सातवीच्या पोरींनी नकाशा काढून ती गावं दाखवली.

आणि यंदा पहिल्यांदा प्रत्येक फोटोखाली दोन मजकूर आहेत. वर गोंडी, देवनागरीत लिहिलेली, खाली मराठी. गोंडी मजकुरात चुका आहेत असं गावातले बुढे म्हणतात, ते दुरुस्त करायला उद्या येणार आहेत.

तेंदूपान

आणि तो तापवाला पोरगा?

बांधीतले_गुरुजी

बरा झाला. मलेरियाच निघाला होता, गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला. टोप्पोंची माहिती त्यानंच लिहिली. "टोप्पो म्हणजे सुतार पक्षी" ही त्याची पहिली ओळ. लिहून झाल्यावर मला विचारतो, "सर, मग आमचं मडावी म्हणजे काय?" मला सांगता आलं नाही, दुसऱ्यांदा.

म्हणून वर्गाला गृहपाठ दिला: घरी जाऊन विचारा, आपले देव किती आणि आपण कुठला जीव, कुठलं झाड मारत नाही. चाळीस पोरांपैकी एकतीस जण विचारून आले. कासव, साळिंदर, मोहाचं झाड, घोरपड, वेगवेगळी उत्तरं आली, काही एकमेकांशी जुळेनात, त्यावर वर्गात भांडणही झालं. नऊ जणांच्या घरी कुणालाच आठवेना. त्यातल्या एका पोरीचा बुढा आज सकाळी पावसात सात किलोमीटर चालत शाळेत आला. छत्री नव्हती, डोक्यावर पोतं घेतलेलं. म्हणाला, रात्री आठवलं, परत विसरेन म्हणून लगेच निघालो. व्हरांड्यात पोतं झटकून बसला, चहा घेतला, मग नातीला जवळ बोलावून तिच्या कानात सांगितलं. आम्हाला नाही सांगितलं. ती वहीत लिहितेय आता.